प्येर क्यूरी आणि त्यांचे स्फटिक

मादाम क्यूरींचे नाव ज्याने ऐकले नाही असा विद्यार्थी आमच्या शाळेत शोधूनही सापडावयाचा नाही. क्रमिक पुस्तकांत त्यांचा धडा असतो, वक्तृत्वस्पर्धेत दरसाल निदान दोन मुली त्यांच्यावर बोलतात. परंतु त्यांचे यजमान कोण होते, असा प्रश्न आम्ही मागे एकदा वर्गात विचारला तेव्हा बहुतेकांनी माना खाली घातल्या आणि एका मुलीने उठून, तेही रेडियमच शोधीत होते, एवढेच उत्तर दिले. उत्तर चुकीचे नव्हते. अपुरे मात्र खास होते. रेडियमचे नावही जगाला ठाऊक नव्हते तेव्हा या गृहस्थांनी आपल्या वडील बंधूंच्या सोबतीने जो शोध लावला, तो आज तुमच्या मनगटावरील घड्याळात, घरच्या स्वयंपाकघरातील गॅसच्या लायटरात आणि मुरगावच्या बंदरात येणाऱ्या जहाजांच्या तळाशी मुकाट्याने काम करीत आहे. त्यांचेच चरित्र आज विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावयाचे आम्ही योजिले आहे. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. तेव्हा शास्त्राचा भाग आमच्या सहकारी शास्त्रशिक्षकांकडून दोनदोनदा समजावून घेऊनच लिहिला आहे, हे आधी कबूल केलेले बरे.

प्येर क्यूरी यांचा जन्म पॅरिस शहरी, क्युव्हिए नावाच्या रस्त्यावरील एका घरात, १५ मे १८५९ रोजी झाला. वडील एझेन क्यूरी हे डॉक्टर. घरची स्थिती बेताचीच होती. प्येर यांच्याहून सुमारे साडेतीन वर्षांनी मोठे असे जाक नावाचे एक बंधू होते. प्येर लहानपणी शाळेत गेलेच नाहीत. एका विषयातून दुसऱ्या विषयात पटकन् उडी मारणे त्यांना जमत नसे. एखाद्या गोष्टीत मन गुंतले की ते तेथेच राही, आणि मध्येच कोणी ओढून काढले तर सारा धागा तुटे. शाळेच्या घंटांना बांधलेल्या दिवसात असे मूल कोमेजून जाईल, हे डॉक्टरांनी ओळखले. त्यांनी मुलाला घरीच शिकविले आणि रानात, ओढ्याकाठी मनसोक्त हिंडू दिले. पुढे वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास एक चांगले गणितशिक्षक लाभले आणि गाडी एकदम वेगाने चालू लागली. सोळाव्या वर्षी शालान्त परीक्षा, अठराव्या वर्षी पदार्थविज्ञानाची पदवी! तरीही आपली बुद्धी संथ आहे, असेच प्येर स्वतः अखेरपर्यंत मानीत आले.

येथे थोडे विषयांतर करितो. दोन वर्षांपूर्वी नववीच्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात आम्ही आमच्या हाताने मंद असा शेरा लिहिला होता. मुलगा खिडकीबाहेर पाहत बसे, प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी देई. ते उत्तर पुष्कळदा बरोबर असे, याकडे आमचे लक्ष गेले नाही. क्यूरींचे बालपण वाचताना तो शेरा आम्हांस आठवला आणि पुस्तक मिटून आम्ही थोडा वेळ स्वस्थ बसलो. असो.

पदवी मिळाली, पण पुढे डॉक्टरेटसाठी अभ्यास करावा तर घरी पैसा नव्हता. प्येर यांनी सॉरबॉन विद्यापीठात प्रयोगशाळेतील साहाय्यकाची नोकरी धरली. जाकही तेथेच खनिजशास्त्राच्या विभागात होते. दोघा भावांचे मेतकूट विलक्षण जमले. त्या काळी जाणकारांना एक गोष्ट ठाऊक होती, ती अशी की तोरमल्लीचा खडा तापविला असता त्याच्या एका टोकाला धन व दुसऱ्या टोकाला ऋण विद्युत् प्रकट होते. अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी हे खडे सिंहलद्वीपातून युरोपात नेले होते. निखाऱ्यापाशी ठेवले की ते राख ओढून घेत, म्हणून त्यांची मोठी मौज वाटे. क्यूरी बंधूंनी विचार केला, तापविल्याने स्फटिकाचे आकारमान बदलते. मग ते बदलण्यासाठी उष्णताच कशाला हवी? नुसते दाबून पाहिले तर?

यात एक बारकावा आहे आणि तोच प्येर यांच्या बुद्धीचा खरा विशेष होय. वाटेल तो खडा शेगड्यात दाबीत सुटणे हा त्यांचा मार्ग नव्हता. स्फटिक म्हणजे अणूंची नेटकी मांडणी. कित्येक स्फटिकांत ही मांडणी मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंस अगदी सारखी असते. असा स्फटिक कितीही दाबा, धन आणि ऋण भार एकमेकांस सावरून धरतात. परंतु ज्याच्या मांडणीत असा मध्यबिंदू नाही, तो दाबला असता भार थोडे एका अंगास सरकणारच. म्हणजे कोणता स्फटिक बोलेल आणि कोणता मुका राहील, हे प्रयोगापूर्वी निव्वळ आकृतीवरून सांगता आले पाहिजे. १८८० साली दोघांनी कथलाचा पातळ पत्रा, शेगडा आणि एक विद्युत्‌मापक एवढ्या साहित्यावर प्रयोग केले. क्वॉर्ट्झ, तोरमल्ली, पुष्कराज, उसाची साखर, रोशेलचे मीठ, असे नाना स्फटिक त्यांनी तासून दाबून पाहिले आणि ते खरोखरच बोलले. प्येर त्या साली अवघे एकवीस वर्षांचे होते. या गुणधर्मास दाबविद्युत् म्हणतात. पुढल्याच वर्षी लिपमान या शास्त्रज्ञाने गणिताने असे दाखविले की दाबाने विद्युत् निर्माण होत असेल तर विद्युत् दिल्याने स्फटिक किंचित् लांब वा आखूड झाला पाहिजे. भावांनी लगोलग प्रयोग करून तेही सिद्ध केले.

साखरेचा खडा दाबला तर वीज! आमच्या कोंकणीत फातर म्हणजे अचेतनाची परमावधी. त्या फातराच्या पोटातही एवढी संवेदना असावी, याचे नवल आम्हांस अजून वाटते.

१८८३ साली जाक माँपेलिये येथे अध्यापक होऊन गेले आणि जोडी फुटली. प्येर आदल्याच वर्षी पॅरिसच्या नगरपालिकेने नव्याने काढलेल्या पदार्थविज्ञान व रसायनाच्या विद्यालयात प्रयोगशाळेचे प्रमुख झाले होते. पुढे सुमारे बावीस वर्षे ते याच विद्यालयाला धरून राहिले. पगार महिना तीनशे फ्रँक, एखाद्या कारखान्यातल्या कामगाराइतका. स्वतःची प्रयोगशाळा तर नव्हतीच. जिना आणि एक खोली यांमधल्या अरुंद बोळात ते आपले प्रयोग मांडीत. बढतीसाठी कोणाचे उंबरठे झिजवावे, हे त्यांच्या स्वभावातच नव्हते. मोठमोठे इंग्रज पंडित मात्र त्यांना ओळखून होते. लॉर्ड केल्व्हिन १८९३ साली त्यांच्या दाबविद्युत् उपकरणाविषयी त्यांच्याशी आस्थेने पत्रव्यवहार करीत होते, आणि इकडे त्यांच्या देशातील विद्वत्सभांना या बोळातल्या माणसाची दखलही नव्हती.

त्या बोळातच १८९० नंतरच्या काही वर्षांत दोन मोठी कामे झाली. पहिले सममितीसंबंधीचे, १८९४ चे. त्याचा मथितार्थ असा की कार्यात जी विषमता दिसते ती कारणात कोठे तरी असलीच पाहिजे; सर्व बाजूंनी सारख्या अशा कारणातून एकाच बाजूकडे झुकलेले कार्य निघत नाही. दुसरे काम चुंबकत्वाचे. लोखंड लाल होईपर्यंत तापविले की लोहचुंबक त्याला ओढीत नाही, ही गोष्ट जुनीच होती. प्येर यांनी लोखंड, निकेल, ऑक्सिजन वायू, बिस्मथ, असे कितीतरी पदार्थ भट्टीत घालून सुमारे १४०० अंशांपर्यंत अंशाअंशाने त्यांचे चुंबकत्व मोजले. लोखंड आपले बलवान चुंबकत्व सुमारे ७७० अंश सेल्सियसला टाकते, निकेल त्याच्या निम्म्याहून कमी उष्णतेला. ज्या तापमानास हा पालट होतो त्यास आज साऱ्या जगात क्यूरी तापमान म्हणतात. याच प्रबंधावर १८९५ च्या मार्चमध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्या प्रबंधात एक विचार त्यांनी सहज मांडून ठेविला आहे. चुंबकत्व, चुंबकीय क्षेत्र व उष्णता यांचे आलेख काढून पाहता ते वायू आणि द्रव यांच्या आलेखांसारखे दिसतात, असे त्यांच्या ध्यानात आले. वायूवर दाब वाढविला की तो दाटतो आणि योग्य उष्णतामान असेल तर एकदम द्रव होतो. चुंबकीय क्षेत्र हे जणू त्या दाबासारखे आणि चुंबकत्व हे घनतेसारखे. या विचाराकडे आपल्याला शेवटी परत यावयाचे आहे. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

१८९४ च्या वसंत ऋतूत एका पोलिश प्राध्यापकाच्या बिऱ्हाडी त्यांची मारी स्क्लोडोव्स्का या विद्यार्थिनीशी गाठ पडली. २६ जुलै १८९५ रोजी सो या गावी साधेपणाने त्यांचा विवाह झाला. आहेराच्या पैशांतून दोन सायकली घेतल्या आणि नवदांपत्य त्यांवरून खेडोपाडी हिंडले. पुढची कथा तुम्हांस ठाऊक आहे, म्हणून आम्ही ती थोडक्यात सांगतो. पण एक गोष्ट त्या कथेत बहुधा गाळली जाते. मारीबाईंनी युरेनियमचे किरण मोजावयास घेतले तेव्हा त्यांना हवेतून वाहणारा अतिशय क्षीण असा विद्युत्‌प्रवाह मोजावयाचा होता. तो मोजला कशाने? क्यूरी बंधूंच्या क्वॉर्ट्झच्या पट्टीने! पट्टीला वजन टांगले की त्या प्रमाणात ठराविक विद्युत् निघे आणि तिच्याशी त्या प्रवाहाचा तोल साधला की मोजणी होई. ही पट्टी नसती तर खनिजात युरेनियमहून प्रखर असे काही दडले आहे, हे आकड्यांनी सिद्ध करता आले नसते. भावांनी अठरा वर्षांपूर्वी लाविलेला शोध असा पत्नीच्या कामी आला.

१८९८ च्या वसंतात प्येर यांनी आपले स्फटिकांचे काम बाजूला ठेविले आणि ते पत्नीच्या मदतीस आले. थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे, मग पुन्हा स्फटिकांकडे वळू, असा त्यांचा हेतू होता. ते वळणे झाले नाही. त्याच वर्षी जुलैत पोलोनियम, डिसेंबरात रेडियम. मग गळक्या छपराच्या त्या पडवीत चार वर्षे खनिजाच्या गोण्या उकळणे. १९०३ साली बेकरेल यांच्यासह दोघांना नोबेल पारितोषिक. त्या पारितोषिकाच्या वेळी आधी मारीबाईंचे नाव वगळलेले होते. प्येर यांस ते कळताच त्यांनी स्वीडनला लिहून, हे संशोधन दोघांचे मिळून मानावे, अशी विनंती केली, आणि त्यामुळेच स्त्रीला प्रथम हे पारितोषिक मिळाले. स्वतःसाठी त्यांनी कधी शब्द टाकला नाही. सरकारने सन्मानपदक देऊ केले तेव्हा, मला पदक नको, प्रयोगशाळा हवी आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी पाठविले. पदक नाकारणारा माणूस आम्हांस समजतो. परंतु प्रयोगशाळा मागूनही ती न देणारे सरकार आम्हांस समजत नाही. १९०४ साली सॉरबॉनमध्ये प्राध्यापकपद मिळाले, तेव्हा ज्या क्युव्हिए रस्त्यावर ते जन्मले तेथेच कामापुरती जागा लाभली. मनाजोगी प्रयोगशाळा त्यांनी कधीच पाहिली नाही.

रेडियमची कांडी हातावर बांधून त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला होता. बोटे सोलली, पायांत असह्य कळा येऊ लागल्या. रेडियम शरीरास किती बाधते, याची खरी कल्पना त्या काळी कोणालाच नव्हती. पण मृत्यू आला तो निराळ्याच वाटेने. १९ एप्रिल १९०६, गुरुवार. दुपारी पाऊस पडत होता. प्राध्यापकांच्या एका सभेहून ते छत्री घेऊन निघाले. सेन नदीवरील पुलाजवळ दोफिन रस्ता ओलांडीत असता समोरून आलेल्या घोड्यांच्या मालगाडीशी गाठ पडली. निसरड्या दगडांवर पाय घसरला, घोडे आणि पुढची चाके अंगाला न लागता गेली, आणि मागचे चाक डोक्यावरून गेले. वय सेहेचाळीस. थोरली मुलगी आठ वर्षांची, धाकटी दीड वर्षाचीही नव्हती. सॉरबॉनने त्यांचे वर्ग मारीबाईंकडे सोपविले, आणि ५ नोव्हेंबरला खचाखच भरलेल्या सभागृहात बाईंनी, यजमानांनी जेथे विषय सोडला होता अगदी तेथूनच, शिकविण्यास आरंभ केला.

आणि स्फटिक? त्यांचे पुढे काय झाले? प्येर यांचे एक शिष्य पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात, १९१७-१८ च्या सुमारास, क्वॉर्ट्झच्या पट्ट्यांतून पाण्यात ध्वनी सोडून बुडालेल्या पाणबुड्यांचा वेध घेण्याची युक्ती काढली. आपले मच्छीमार ट्रॉलरवरच्या यंत्रात समुद्राची खोली पाहतात, ती तीच युक्ती. १९२० साली अमेरिकेत जोसेफ व्हालासेक यांना दिसून आले की भावांनी दाबून पाहिलेले रोशेलचे मीठ आपल्यातील विद्युत्‌भारांची दिशा लोहचुंबकासारखी धरून ठेवते, आणि बाहेरून विद्युत्‌क्षेत्र लाविल्यास ती दिशा उलटीही करते. २४ अंशांच्या वर मात्र हा गुण नाहीसा होतो. या पदार्थांना लोहविद्युत् किंवा फेरोइलेक्ट्रिक असे नाव पडले (त्यांत लोह असतेच असे नाही, नाव केवळ साधर्म्याने आले), आणि गुण जाण्याच्या त्या तापमानास लोकांनी पुन्हा क्यूरींचेच नाव दिले. बेरियम टायटॅनेट या पदार्थात ते सुमारे १२० अंश आहे.

यानंतर एक चमत्कारिक जात सापडली. लेनिनग्राड येथे स्मोलेन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकात लेड मॅग्नेशियम नायोबेटसारखे पदार्थ तयार केले. यांत क्यूरी तापमान म्हणून बोट ठेवता येईल असा एक बिंदूच नाही. पालट पसरट असतो, आणि किती झपाट्याने उलटसुलट होणारे विद्युत्‌क्षेत्र लाविले आहे त्यावर त्याची जागा सरकते. या पदार्थांना रिलॅक्सर म्हणतात. असे का व्हावे? आमच्या शास्त्रशिक्षकांनी मधल्या सुट्टीकडे बोट दाखवून आम्हांस समजाविले. मैदानावर मुले चारचार-पाचपाचांच्या घोळक्यांत उभी असतात. प्रत्येक घोळक्याचे तोंड एकीकडे, पण सगळ्या मैदानाचे मिळून तोंड कोणीकडेच नाही. रिलॅक्सरमध्ये मॅग्नेशियम आणि नायोबियम यांचे अणू एकाच प्रकारच्या जागांवर बेशिस्त विखुरलेले असतात, त्यामुळे आत काही नॅनोमीटरचे असे असंख्य घोळके तयार होतात. नुसते थंड करीत गेले तर ते आहेत त्याच गोंधळात थिजून जातात. पण कवायतीच्या गुरुजींनी शिट्टी वाजविली तर? ती शिट्टी म्हणजे विद्युत्‌क्षेत्र. दर सेंटिमीटरला सुमारे दोन हजार व्होल्ट इतके क्षेत्र लावून तो पदार्थ गार केला असता शून्याखाली सुमारे साठ अंशांपाशी सारे घोळके एकाच दिशेस तोंड करितात आणि पदार्थाची अवस्थाच पालटते. यास क्षेत्राने घडविलेले प्रावस्थांतर म्हणतात. दिशा पदार्थाच्या अंगी नव्हती, ती बाहेरच्या कारणाने आणून दिली; १८९४ च्या सममितीच्या लेखाची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

या कुळातल्या पदार्थांत थोडे लेड टायटॅनेट मिसळून वाढविलेले स्फटिक विद्युत् दिली असता इतर दाबविद्युत् द्रव्यांच्या कितीतरी पट आकार बदलतात, आणि म्हणून ते आज रुग्णालयांतील सोनोग्राफीच्या यंत्रांत असतात. त्यांना एवढे बळ कोठून येते, याचा शोध ल्युब्ल्याना आणि प्राग येथील शास्त्रज्ञांनी घेतला. त्यांना असे आढळले की या स्फटिकांत विद्युत्‌क्षेत्र वाढवीत गेले असता प्रावस्थांतराची रेषा एका बिंदूपाशी संपते, जशी पाणी आणि वाफ यांना विभागणारी रेषा विशिष्ट दाब व उष्णता यांपाशी संपते. आणि त्या बिंदूच्या आसपासच हे स्फटिक सर्वांत चपळ असतात. क्षेत्र म्हणजे जणू दाब! बोळातल्या त्या प्रबंधात चुंबकाविषयी लिहून ठेविलेले साम्य स्फटिकांतील विद्युतेच्या बाबतीतही प्रत्ययास आले. हा निबंध प्रसिद्ध झाला तो २००६ साली, प्येर क्यूरींच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली त्या वर्षी. तोवर त्यांच्या अस्थी सो येथील साध्या थडग्यातून निघून, १९९५ साली, मारीबाईंसह पॅरिसच्या पँथिऑनमध्ये गेल्या होत्या. वडील बंधू जाक १९४१ पर्यंत हयात होते.

ज्या मुलाचा उल्लेख वर आला तो यंदा अकरावीत विज्ञान शाखेत आहे. प्रगतिपुस्तकातील तो शेरा आता खोडता येत नाही, म्हणून आम्ही त्याच्या वडिलांना घरी जाऊन भेटलो आणि जे सांगावयाचे ते सांगितले. गेल्या महिन्यात तो स्वयंपाकघरातला एक बिघडलेला गॅस लायटर घेऊन शास्त्रशिक्षकांकडे आला होता. दोघांनी मिळून तो उघडला. आत स्प्रिंगची एक हातोडी आणि पेन्सिलीच्या तुकड्याएवढे चिनीमातीसारखे काहीतरी निघाले. हातोडी त्याच्यावर आपटली की काही हजार व्होल्ट निर्माण होऊन ठिणगी पडते, हे आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले. तो तुकडा मुलाने खिशात घातला, आणि त्याविषयीचा एक प्रश्न घेऊन तो दुसऱ्या दिवशी आला.